डी-डायमर: गुठळी नाही, हे सांगणारी चाचणी

करोनाच्या दुसऱ्या लाटेत, २०२१च्या एप्रिल आणि मे महिन्यांत, महाराष्ट्रातल्या असंख्य घरांत डी-डायमर हा शब्द पहिल्यांदा पोहोचला. सीआरपी आणि फेरिटिन या दाह दाखवणाऱ्या रक्तचाचण्यांच्या जोडीने या रक्तचाचणीचा आकडा रिपोर्टमध्ये ठळक अक्षरांत छापून येत असे, आणि शेजारच्या रकान्यातली मर्यादा त्याने ओलांडलेली दिसली की घरातल्या माणसांच्या पोटात गोळा येत असे. साथ ओसरली, शब्द मात्र राहिला, आणि त्याच्यासोबत एक समजही पक्का होऊन बसला: डी-डायमर वाढला म्हणजे अंगात कुठेतरी रक्ताची गुठळी झाली आहे, किंवा आता होणार आहे. ज्या कामासाठी ही चाचणी डॉक्टरांना खरोखर उपयोगी पडते, ते काम या समजाच्या जवळजवळ उलट आहे. ते नीट समजून घेतले तर विनाकारण भीतीही टळते आणि खोटा दिलासाही टळतो.

गुठळी या एका शब्दात आपण बऱ्याच गोष्टी कोंबतो. हृदयविकाराच्या झटक्यात आणि पक्षाघाताच्या अनेक प्रकारांत गुठळी असते ती रोहिणीत, म्हणजे हृदयाकडून अवयवांकडे रक्त नेणाऱ्या वाहिनीत, आणि तिचे निदान ईसीजी, ट्रोपोनिन, मेंदूचा स्कॅन अशा वेगळ्याच तपासण्यांनी होते. डी-डायमरचा मुख्य उपयोग आहे तो नीलांमधल्या, म्हणजे रक्त हृदयाकडे परत आणणाऱ्या शिरांमधल्या गुठळ्यांसाठी. पोटरीच्या किंवा मांडीच्या आत खोलवर असलेल्या नीलेत रक्त साकळले की त्या पायाला सूज येते, तो दुखतो, कधी लालसर आणि गरम होतो; याला डीप व्हेन थ्रॉम्बोसिस किंवा थोडक्यात डीव्हीटी म्हणतात. त्या गुठळीचा तुकडा सुटला तर तो रक्ताबरोबर हृदयाच्या उजव्या बाजूत जातो आणि तिथून पुढे फुप्फुसाच्या वाहिनीत अडकतो. मग अचानक धाप लागते, श्वास आत घेताना छातीत चमक निघते, नाडी धावू लागते, क्वचित खोकल्यातून रक्त पडते, आणि तुकडा मोठा असेल तर माणूस चक्कर येऊन कोसळू शकतो. याचे नाव पल्मनरी एम्बोलिझम. रक्ताचा प्रवाह मंदावणे, वाहिनीच्या आतल्या अस्तराला इजा होणे आणि रक्ताचीच साकळण्याची प्रवृत्ती वाढणे ही गुठळीमागची तीन मूळ कारणे रुडॉल्फ फिर्खो या एकोणिसाव्या शतकातल्या जर्मन वैद्यकशास्त्रज्ञाच्या नावाने आजही शिकवली जातात. दिवसेंदिवस अंथरुणावर पडून राहणे, पायाला प्लास्टर, गुडघ्याची किंवा खुब्याची शस्त्रक्रिया, कर्करोग, गर्भारपण, इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या हे सारे धोके या तीनपैकी कोणत्या ना कोणत्या कारणात बसतात.

अडचण अशी की ही लक्षणे फक्त गुठळीची नसतात. पोटरी स्नायू ओढला गेल्यानेही दुखते, त्वचेखालच्या जंतुसंसर्गाने पाय सुजतो आणि लाल होतो, गुडघ्यामागची पाण्याची गाठ फुटली तर पोटरी हुबेहूब डीव्हीटीसारखी दिसते. धाप तर न्यूमोनियापासून रक्तक्षयापर्यंत कशानेही लागते. त्यामुळे ज्यांच्याबाबत गुठळीची शंका येते त्यांतल्या बहुतेकांना प्रत्यक्षात गुठळी नसते. खात्री करणाऱ्या तपासण्या आहेत: पायासाठी डॉपलर सोनोग्राफी, आणि छातीसाठी शिरेतून औषध सोडून केलेला सीटी स्कॅन, ज्याला सीटी पल्मनरी अँजिओग्राफी म्हणतात. पण शंका आलेल्या प्रत्येकाचा स्कॅन करायचा तर किरणोत्सर्ग आला, मूत्रपिंडांवर त्या औषधाचा भार आला, खर्च आला, आणि तालुक्याच्या गावात राहणाऱ्या माणसाला रात्रीच्या वेळी गाडी करून जिल्ह्याच्या ठिकाणी जाणे आले. म्हणून आधी एक चाळणी हवी, जी गुठळी नसलेल्यांपैकी निदान काहींना विश्वासाने घरी पाठवू शकेल. डी-डायमर ही ती चाळणी आहे.

ही चाचणी नेमके काय मोजते हे कळले की तिचे गुण आणि दोष दोन्ही आपोआप उलगडतात. रक्तात फायब्रिनोजेन नावाचे प्रथिन विरघळलेल्या स्वरूपात नेहमी फिरत असते. कुठे इजा झाली की थ्रॉम्बिन हे विकर (एन्झाइम) त्याचे रूपांतर फायब्रिनच्या चिवट धाग्यांमध्ये करते. हे धागे सुरुवातीला नुसते एकमेकांना चिकटलेले असतात. मग तेरावा घटक म्हणून ओळखले जाणारे आणखी एक विकर त्यांना ठिकठिकाणी घट्ट सांधून टाकते, आणि गुठळीला बळकटी येते. त्याच वेळी शरीर ही गुठळी विरघळवण्याच्याही कामाला लागलेले असते, कारण काम झाल्यावर ती कायम तिथे राहिली तर वाहिनी तुंबेल. प्लाझ्मिन नावाचे विकर धागे कापत जाते, पण जिथे दोन शेजारच्या रेणूंची टोके एकमेकांना सांधलेली असतात तो जोड मात्र ते उसवू शकत नाही. जुनी गोधडी कात्रीने उभी-आडवी कापली तर शिवणीच्या जागची दोन कापडे जशी एकमेकांना जोडलेलीच हाती येतात, तसेच हे आहे. फायब्रिनोजेनच्या टोकाच्या भागाला डी म्हणतात. असे दोन डी जोडलेल्या अवस्थेत सुटून रक्तात आले की तो डी-डायमर. गोधडीचा असा शिवणीसकटचा तुकडा सापडला तर कापड कधीतरी शिवले गेले होते आणि नंतर कापले गेले, या दोन्ही गोष्टी सिद्ध होतात. रक्तात डी-डायमर सापडला तर शरीरात कुठेतरी पक्की गुठळी तयार झाली आणि ती विरघळू लागली, एवढेच सिद्ध होते.

कुठे, किती मोठी आणि कशामुळे, यांपैकी काहीही त्यावरून कळत नाही. शस्त्रक्रियेची जखम भरताना फायब्रिन तयार होते आणि विरघळते; मोठा मुका मार लागला, न्यूमोनिया झाला, रक्तात जंतुसंसर्ग पसरला, कर्करोग असला, यकृताचा आजार असला, बाळंतपण नुकतेच झाले असले, तरीही तेच घडते. वय वाढते तसा निरोगी माणसातही हा आकडा हळूहळू चढत जातो. रुग्णालयात कोणत्याही कारणाने दाखल असलेल्या माणसाचा डी-डायमर वाढलेला नसेल तरच नवल. पण नीलेत मोठी, ताजी गुठळी असेल तर त्यातून हे तुकडे रक्तात उतरणारच, आणि आकडा वाढल्याशिवाय सहसा राहणार नाही. वाढण्याची कारणे शंभर आहेत आणि न वाढण्याचे कारण बहुधा एकच, ते म्हणजे गुठळी नसणे. या चाचणीच्या 'हो'ला फारसे वजन नाही आणि 'नाही'ला खूप आहे, ते यामुळे.

या 'नाही'लासुद्धा एक अट आहे, आणि माझ्या मते या विषयातली सगळ्यात महत्त्वाची आणि सगळ्यात कमी सांगितली जाणारी गोष्ट ती हीच. चाचणी करण्याआधी गुठळीची शक्यता किती होती, यावर चाचणीच्या उत्तराचा अर्थ ठरतो. समजा, चौतीस वर्षांचा एक तरुण रविवारी कळसूबाई चढून आला आणि सोमवारी त्याची उजवी पोटरी दुखू लागली. सूज नाही, पूर्वी कधी गुठळी नाही, दुसरा आजार नाही. आणि समजा, सत्तर वर्षांच्या एका आजींची तीन आठवड्यांपूर्वी गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली असून त्यांचा तो पाय मांडीपासून सुजला आहे. दोघांचाही डी-डायमर मर्यादेच्या आत आला, तरी तरुणाला निश्चिंत करता येईल आणि आजींना मुळीच करता येणार नाही.

हे गणित कागदावर मांडून पाहू. सोयीसाठी असे गृहीत धरू की गुठळी असलेल्या शंभरांपैकी ९५ जणांना ही चाचणी पकडते, आणि गुठळी नसलेल्या शंभरांपैकी ४० जणांना ती 'नाही' असे योग्य उत्तर देते. आता कमी शक्यतेची हजार माणसे घ्या, ज्यांत प्रत्यक्षात ४० जणांना गुठळी आहे. चाचणी त्यांतल्या ३८ जणांना पकडेल, दोघे निसटतील. उरलेल्या ९६० जणांपैकी ३८४ जणांना 'नाही' असे उत्तर मिळेल. म्हणजे एकूण ३८६ माणसांना घरी पाठवले जाईल आणि त्यांत चूक होईल ती दोघांबाबत, साधारण दोनशेत एक. याउलट ज्यांचा आकडा वाढलेला आला त्या ६१४ जणांपैकी खरी गुठळी असेल फक्त ३८ जणांना. सोळा माणसे घाबरतील तेव्हा त्यांत एकाची भीती खरी ठरेल. आता जास्त शक्यतेची हजार माणसे घ्या, ज्यांत निम्म्यांना, ५०० जणांना, गुठळी आहे. चाचणी तीच, किट तेच. ४७५ जण पकडले जातील, २५ निसटतील. गुठळी नसलेल्यांपैकी २०० जणांना 'नाही' असे उत्तर मिळेल. घरी गेलेल्या २२५ जणांपैकी २५ जणांच्या शिरेत गुठळी असेल, म्हणजे दर नऊ जणांत एकाच्या. रक्त पातळ करणाऱ्या औषधाविना अशी माणसे घरी पाठवणे कोणत्याही डॉक्टरला मान्य होणार नाही. म्हणूनच शक्यता जास्त असेल तिथे डी-डायमर करत बसू नये, सरळ डॉपलर किंवा सीटी करावा, असा नियम आहे.

शक्यता कमी की जास्त हे ठरवायचे कसे, तर त्यासाठी गुणांकन आहे. कॅनडातल्या फिलिप वेल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घडवलेले वेल्स गुणांकन सगळ्यात जास्त वापरले जाते. डीव्हीटीच्या बाबतीत त्यात डॉक्टर रुग्णाला प्रश्न विचारतात आणि पाय तपासतात: कर्करोगावर उपचार चालू आहेत का, पायाला प्लास्टर किंवा लकवा आहे का, तीन दिवस किंवा अधिक काळ अंथरुणावर पडून होता का किंवा गेल्या बारा आठवड्यांत मोठी शस्त्रक्रिया झाली का, खोल शिरेच्या मार्गावर दाबल्यावर दुखते का, संपूर्ण पाय सुजला आहे का, ही पोटरी दुसरीपेक्षा किमान ३ सेंटिमीटर जाड आहे का, त्या पायावर बोटाने दाबल्यावर खड्डा पडतो का, कातडीखालच्या शिरा फुगून दिसू लागल्या आहेत का, पूर्वी डीव्हीटी झाली होती का. प्रत्येक होकाराला एक गुण मिळतो. दुसरे एखादे कारण गुठळीइतकेच किंवा तिच्याहून अधिक संभवत असेल तर दोन गुण वजा होतात. बेरीज दोन किंवा अधिक झाली तर डीव्हीटीची शक्यता मोठी, त्याहून कमी असेल तर छोटी. पोटरी मापण्याची फीत ही या सगळ्यातली सगळ्यात स्वस्त वस्तू आहे; गुडघ्याखालच्या हाडाच्या उंचवट्यापासून १० सेंटिमीटर खाली दोन्ही पायांना ती गुंडाळायची, इतकेच. फुप्फुसातल्या गुठळीसाठी याच धर्तीचे वेगळे गुणांकन आहे, ज्यात नाडीचा वेग, खोकल्यातून रक्त पडणे, पूर्वीची गुठळी अशा गोष्टी मोजल्या जातात. डी-डायमरचा रिपोर्ट या गुणांशिवाय वाचणे म्हणजे प्रश्न न वाचता उत्तर तपासण्यासारखे आहे.

आता मर्यादेविषयी. एफईयू (फायब्रिनोजेन इक्विव्हॅलंट युनिट) या एककात ५०० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर ही दीर्घकाळ वापरात असलेली मर्यादा आहे. पण वयानुसार आकडा चढतो हे वर आलेच आहे. त्यामुळे वृद्धांमध्ये ही चाळणी जवळजवळ निरुपयोगी होऊन जात असे, कारण गुठळी असो वा नसो, बहुतेकांचा आकडा ५००च्या पुढेच निघे. त्यावर उपाय निघाला तो फार साधा आहे: पन्नाशीपुढच्या माणसासाठी वयाला दहाने गुणावे आणि येईल ती मर्यादा मानावी. ७२ वर्षांच्या माणसासाठी ७२०. ही कल्पना तपासणारा युरोपातल्या चार देशांमधला, ३३४६ रुग्णांचा अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. ज्यांच्यात फुप्फुसातल्या गुठळीची शक्यता फार मोठी वाटत नव्हती अशा ७५ आणि त्यापुढच्या वयाच्या रुग्णांमध्ये जुन्या मर्यादेने फक्त ६.४ टक्के लोकांना स्कॅनशिवाय मोकळे करता येत होते. वयानुसार मर्यादा घेतल्यावर हे प्रमाण २९.७ टक्क्यांवर गेले, आणि त्यासाठी निसटलेल्या गुठळ्यांची संख्या वाढली नाही. आपल्याकडच्या अनेक रिपोर्टवर आजही सर्व वयांसाठी एकच मर्यादा छापलेली असते. ७८ वर्षांच्या आजोबांच्या नावापुढे ६४० हा आकडा ठळक अक्षरांत दिसला तर त्या ठळकपणाचा अर्थ यंत्राने लावलेला असतो, डॉक्टरांनी नव्हे.

नेदरलँड्समधल्या संशोधकांनी २०१७ साली याच्याही पुढे जाऊन गुणांकन आणि मर्यादा एकत्रच बांधली. पायात डीव्हीटीची लक्षणे आहेत का, खोकल्यातून रक्त पडते का, आणि डॉक्टरांच्या मते फुप्फुसातली गुठळी हेच सगळ्यात संभाव्य निदान आहे का, एवढे तीनच प्रश्न. तिन्हींचे उत्तर 'नाही' असेल तर मर्यादा १०००, एकाचेही 'हो' असेल तर ५००. ३४६५ रुग्णांवरच्या या अभ्यासात बऱ्याच लोकांचा सीटी स्कॅन टळला. आधीची शक्यता जितकी कमी, तितका मोठा आकडा खपवून घेता येतो, हे तत्त्व यात अगदी उघड दिसते.

गर्भारपणात हा प्रश्न सर्वांत नाजूक होतो. गरोदर स्त्रीला गुठळीचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो, डी-डायमर मात्र दर तिमाहीत आपोआप चढत जातो, आणि पोटात बाळ असताना छातीचा सीटी स्कॅन करण्याला घरचे आणि डॉक्टर दोघेही कचरतात. वर सांगितलेल्या तीन प्रश्नांची गर्भवतींसाठी जुळवून घेतलेली पद्धत ४९८ स्त्रियांवर तपासली गेली आणि तिचे निष्कर्ष २०१९ साली प्रसिद्ध झाले. एकूण ३९ टक्के स्त्रियांना स्कॅनची गरज पडली नाही. पहिल्या तिमाहीत हे प्रमाण ६५ टक्के होते आणि तिसऱ्या तिमाहीत ३२ टक्के. आकडा चढत जातो तशी चाळणीची भोके बुजत जातात, पण ती पूर्ण बंद होत नाही. त्याचप्रमाणे विदर्भात आणि नंदुरबारकडे आढळणाऱ्या सिकलसेल आजारात रुग्ण ठणठणीत असतानाही डी-डायमर वाढलेला असू शकतो, आणि अशा रुग्णांना गुठळीचा धोकाही इतरांपेक्षा अधिक असतो. तिथे केवळ या आकड्यावर कोणताही निर्णय घेता येत नाही.

आता झटपट चाचणीकडे वळू. प्रयोगशाळेतल्या मोठ्या यंत्रावर रक्तद्रव वेगळा करून डी-डायमर मोजला जातो, आणि नमुना पोहोचवण्यापासून रिपोर्ट हाती येईपर्यंत काही तास जाऊ शकतात. त्याऐवजी दवाखान्यातच, रुग्ण समोर बसलेला असताना, रक्ताचे काही थेंब वापरून दहा-पंधरा मिनिटांत उत्तर देणारी किटे आणि छोटी यंत्रे उपलब्ध आहेत. त्यांच्या मुळाशी असते ते फक्त डी-डायमरलाच चिकटणारे प्रतिद्रव्य. काही किटांत करोनाच्या अँटिजेन चाचणीसारखी पट्टी असते आणि रेघ डोळ्यांनी पाहून 'हो' किंवा 'नाही' ठरवायचे असते; काही यंत्रे पट्टीवरची खूण स्वतः वाचून आकडा देतात. डोळ्यांनी वाचायच्या पद्धतीत फिकट रेघ एकाला दिसते आणि दुसऱ्याला दिसत नाही, शिवाय अशा किटांची गुठळी पकडण्याची ताकद प्रयोगशाळेतल्या चांगल्या पद्धतीपेक्षा थोडी कमी असते. त्यामुळे त्यांचा वापर कमी शक्यतेच्या रुग्णांपुरता आणखी काटेकोरपणे मर्यादित ठेवावा लागतो.

त्या मर्यादेत त्या किती काम करतात हे नेदरलँड्समधल्या फॅमिली डॉक्टरांनी करून पाहिले. फुप्फुसातल्या गुठळीची शंका आलेल्या ५९८ रुग्णांना त्यांनी वेल्स गुणांकन लावले आणि दवाखान्यातच झटपट डी-डायमर केला. २७२ जणांचे गुण कमी होते आणि चाचणीचे उत्तर 'नाही' होते. या सगळ्यांना तरीही पुढच्या तपासणीसाठी पाठवले गेले, कारण पद्धतीचीच परीक्षा चालली होती. त्यांत चौघांना गुठळी निघाली, म्हणजे १.५ टक्के. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या या निष्कर्षाकडे मी आशेने पाहतो, आणि सावधपणेही. आशेने, कारण शंका आलेल्यांपैकी जवळजवळ निम्म्या लोकांची रुग्णालयातली फेरी अशा पद्धतीने वाचू शकते. आपल्याकडे जिथे डॉपलर करणारे रेडिओलॉजिस्ट आठवड्यातून ठरावीक दिवशीच येतात, तिथे अशी चाळणी मोलाची ठरावी. सावधपणे, कारण ते चौघे गुण मोजूनही निसटले होते. गुण न मोजता नुसते किट वापरले तर किती निसटतील, याचा अंदाज वरच्या हजार माणसांच्या गणितावरून करता येतो. ब्रिटनमधल्या नाइस या संस्थेच्या २०२०च्या मार्गदर्शक सूचनांतही प्रयोगशाळेची सोय तातडीने नसेल तर अशी झटपट चाचणी विचारात घ्यावी असे म्हटले आहे, आणि तेही गुणांकनानंतरच.

रिपोर्ट हाती आल्यावर सर्वांत आधी पाहायचे ते एकक. डी-डायमर दोन एककांत मोजतात: एफईयू आणि डीडीयू (डी-डायमर युनिट). एकाच रक्ताचा एफईयूमधला आकडा डीडीयूमधल्या आकड्याच्या साधारण दुप्पट येतो. म्हणजे ५०० एफईयू ही मर्यादा डीडीयूमध्ये सुमारे २५० होते. वयाला दहाने गुणण्याचा नियम फक्त एफईयूसाठी आहे. त्यात आणखी भर म्हणजे काही प्रयोगशाळा नॅनोग्रॅममध्ये लिहितात, काही मायक्रोग्रॅममध्ये, काही लिटरमागे मिलिग्रॅममध्ये; ०.५ मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर, ०.५ मिलिग्रॅम प्रति लिटर आणि ५०० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर हे तिन्ही एकच आहेत. सोमवारी एका ठिकाणी ०.८ आणि गुरुवारी दुसऱ्या ठिकाणी ४२० आला म्हणून आजार पाचशे पटींनी वाढला असे मानून घाबरून जाणाऱ्या घरांची मला मनापासून काळजी वाटते, कारण हे टाळण्यासाठी रिपोर्टवरची एक ओळ पुरेशी असते. वेगवेगळ्या कंपन्यांची किटे वेगवेगळी प्रतिद्रव्ये वापरतात, त्यामुळे एकके जुळवूनही दोन प्रयोगशाळांचे आकडे थेट ताडून पाहता येत नाहीत. प्रयोगशाळेसाठी रक्त निळ्या झाकणाच्या, सायट्रेट असलेल्या नळीत घेतात आणि ती खुणेपर्यंत भरावी लागते, कारण सायट्रेट आणि रक्ताचे प्रमाण बिघडले तर आकडाही बिघडतो. उपाशीपोटी जाण्याची गरज नसते.

'नाही' हे उत्तर फसवे ठरण्याचे काही ठरावीक प्रसंग आहेत आणि ते रुग्णाने स्वतःहून डॉक्टरांना सांगायला हवेत. हेपारिन, वॉरफरिन, अपिक्साबॅन, रिव्हरोक्साबॅन यांसारखे औषध आधीच सुरू असेल तर नवे फायब्रिन तयार होणे मंदावते आणि आकडा खाली येतो. लक्षणे सुरू होऊन दोन-तीन आठवडे उलटले असतील तर गुठळी जुनी होऊन तिच्यातून तुकडे सुटणे कमी झालेले असू शकते. रक्तात आलेल्या डी-डायमरचे अर्धे आयुष्य सुमारे आठ तासांचेच असते. आणि गुठळी पोटरीतल्या एखाद्या लहान शिरेपुरती असेल तर मुळातच फार कमी तुकडे रक्तात येतात.

'धोका' या शब्दाबद्दलही स्पष्ट बोलायला हवे. निरोगी माणसाला पुढे कधी गुठळी होईल का, हे सांगण्यासाठी ही चाचणी नाही. अमेरिकेतल्या मुलांकडे निघालेले आई-वडील पंधरा-सोळा तासांच्या विमानप्रवासाआधी डी-डायमर करून घ्यावा का असे विचारतात. चार तासांहून लांबच्या प्रवासाने गुठळीचा धोका वाढतो हे खरे आहे, पण जागतिक आरोग्य संघटनेच्या २००७मधल्या अहवालानुसार तो सुमारे सहा हजारांत एक इतका आहे. आणि प्रवासाआधीचा डी-डायमर विमानात पाय लोंबकळत ठेवून बसल्यावर काय होईल हे सांगू शकत नाही. अधूनमधून उठून चालणे, बसल्या जागी घोटे वर-खाली हलवणे, आणि पूर्वी गुठळी झाली असेल, कर्करोग असेल किंवा नुकतीच शस्त्रक्रिया झाली असेल तर आधी डॉक्टरांशी बोलणे, हे त्या आकड्यापेक्षा कितीतरी उपयोगाचे आहे. करोनामध्ये रुग्णालयात दाखल असलेल्यांचा डी-डायमर पाहिला जात होता तो आजाराची तीव्रता जोखण्यासाठी. घरी सौम्य तापात असलेल्या माणसाच्या बाबतीत तो आकडा फारसे काही सांगत नव्हता, आणि केवळ त्याच्या आधारावर आपल्या मनाने रक्त पातळ करणारी गोळी घेणे म्हणजे रक्तस्रावाचा खराखुरा धोका ओढवून घेणे होते.

भविष्याचा अंदाज देण्यासाठी डी-डायमर वापरला जातो अशी एक जागा मात्र आहे. विशेष कारण नसताना ज्यांना एकदा गुठळी झाली आहे, त्यांचे औषध काही महिन्यांनी थांबवायचे की चालू ठेवायचे हा अवघड प्रश्न असतो. इटलीतल्या एका अभ्यासात अशा रुग्णांचे औषध थांबवून एक महिन्याने डी-डायमर केला गेला, आणि २००६ साली त्याचे निष्कर्ष आले. ज्यांचा आकडा वाढलेला होता आणि तरीही औषध बंदच ठेवले, त्यांच्यात १५ टक्के लोकांना पुढे पुन्हा गुठळी झाली. आकडा वाढलेल्या ज्यांचे औषध पुन्हा सुरू केले त्यांच्यात २.९ टक्के, आणि ज्यांचा आकडा मर्यादेत होता त्यांच्यात औषधाविना ६.२ टक्के. इथे चाचणी शरीराची साकळण्याची प्रवृत्ती अजून टिकून आहे का हे विचारते. पण हा प्रश्नही गुठळी होऊन गेलेल्या माणसापुरताच आहे, आणि त्याचे उत्तर वय, लिंग, रक्तस्रावाचा धोका यांच्या जोडीनेच वाचले जाते.

पाय सुजल्याची शंका घेऊन दवाखान्यात गेलात, डॉक्टरांनी गुण मोजले, झटपट चाचणी 'नाही' आली आणि घरी पाठवले, तर निघण्यापूर्वी पोटरीचे माप एका कागदावर लिहून घ्या. दोन-चार दिवसांत ते वाढले, दुखणे मांडीकडे चढले किंवा चालताना धाप लागू लागली, तर पहिले उत्तर हातात धरून थांबू नका, परत जा. आणि अचानक श्वास अपुरा पडू लागला, छातीत कळ आली, खोकल्यातून रक्त आले किंवा माणूस भोवळ येऊन पडला, तर रक्त देण्यासाठी आधी प्रयोगशाळेत जाऊ नका. १०८ला फोन करून ज्या रुग्णालयात सीटी स्कॅन आणि अतिदक्षता विभाग आहे तिथे त्याला न्या, कारण अशा अवस्थेत डी-डायमरची वाट पाहणे डॉक्टरही टाळतात.